राउटरची आज्ञावली बदलताना

"सर, मोबाइलला अँड्रॉइड असते, संगणकाला विंडोज असते, मग वायफायच्या डबीला काय असते?" लोहाऱ्यातल्या अकरावीच्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला, तेव्हा "कंपनीने घातलेला प्रोग्राम असतो" असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर चूक नव्हते. पण तिचा पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा होता. "मग तो आपल्याला बदलता येतो का?"

बदलता येतो. जगभर पुष्कळ लोक तो बदलतात, आणि बदलण्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात. ओपनडब्ल्यूआरटी आणि डीडी-डब्ल्यूआरटी ही त्यांतली दोन ठळक नावे. यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा भक्ताच्या सुरात असते: डबीत हे घाला, ती दुप्पट वेगाने धावेल, हॅकर जवळ फिरकणार नाहीत, वगैरे. पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण करतात तसे या आज्ञावल्यांचेही करावे, गुण आणि दोष दोन्ही पाहावेत, असे आम्हाला वाटले. शाळेतल्या राउटरवर हात चालवण्याचा मोह आमच्यासारखाच आणखी कुणा शिक्षकाला होत असेल, म्हणून हा लेख.

आधी डबी उघडून पाहू. आत एक प्रक्रियक असतो, थोडी रॅम असते, आणि वीज गेली तरी मजकूर जपणारी फ्लॅश स्मृती असते. म्हणजे तो एक संगणकच. पडदा आणि कळफलक मात्र नाही. फ्लॅशमध्ये सुरुवातीला एक छोटा आरंभक प्रोग्राम असतो, त्यानंतर कर्नल, त्यानंतर बाकीच्या फाइली आणि शेवटी आपण घातलेले पासवर्ड वगैरे. या सगळ्या मजकुराला फर्मवेअर म्हणतात. सॉफ्टवेअर सहज बदलता येते, हार्डवेअर बदलता येत नाही. हे त्या दोहोंच्या मधले, जरा घट्ट बसवलेले, म्हणून हे नाव.

आता गंमत अशी की बहुतेक घरगुती राउटरांत कंपनीने घातलेला कर्नलही लिनक्सच असतो. इथेच या चळवळीचा उगम आहे. लिंक्सिस या कंपनीने डिसेंबर 2002 मध्ये डब्ल्यूआरटी54जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. 2003 मध्ये काही जाणकारांनी दाखवून दिले की त्याच्या आत लिनक्स आहे. लिनक्स फुकट वापरता येते, पण त्याच्या जीपीएल परवान्याची एक अट आहे: ज्याला तुम्ही हा प्रोग्राम देता, त्याला त्याचा मूळ आराखडा, म्हणजे सोर्स कोडही, मागितल्यावर दिला पाहिजे. कंपनीने तो दिलेला नव्हता. त्याच वर्षी लिंक्सिस ही कंपनी सिस्कोने विकत घेतली होती. बराच गवगवा झाल्यावर 2003 मध्ये सोर्स कोड खुला झाला, आणि 2004 च्या सुरुवातीला त्यावर ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले. नावातली 'डब्ल्यूआरटी' ही अक्षरे त्या राउटरचीच आठवण आहे. प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही. इतर उपकरणांबाबतच्या तक्रारी साचत गेल्या आणि डिसेंबर 2008 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला. मे 2009 मध्ये तडजोड झाली.

ही हकीकत आम्ही जरा विस्ताराने सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे कळत नाही. राउटरवर दुसरी आज्ञावली घालता येणे ही कंपनीची मेहरबानी नव्हती. परवान्यातली एक अट कुणीतरी लक्षपूर्वक वाचली आणि ती पाळली जावी असा आग्रह धरला, म्हणून हे घडले. कंपनीनेही आपला धडा घेतला. 2005 च्या पाचव्या आवृत्तीत तिने फ्लॅश 4 मेगाबाइटवरून 2 वर आणली, रॅम 16 वरून 8 वर आणली आणि लिनक्स काढून दुसरी बंद प्रणाली बसवली. हौशी लोकांची मागणी पाहून लिनक्सवाली आवृत्ती 'जीएल' या वेगळ्या नावाने विकायला ठेवली.

आपल्या देशात याचा पहिला मोठा उपयोग झाला तो हिमाचलातल्या धर्मशाळेत. 2005 मध्ये सरकारने 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरची परवान्याची अट काढली, आणि त्याच वर्षी तिथल्या तिबेटी वस्तीतल्या शाळा व संस्था एका बिनतारी जाळ्याने जोडल्या गेल्या. खांबांवर चढवलेल्या डब्या याच घरगुती जातीच्या होत्या. फर्मवेअर मात्र बदललेले होते, त्यामुळे एका डबीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असा संदेश पुढे सरकवता येत होता. एका खोलीत वायफाय पुरवण्यासाठी बनवलेली वस्तू डोंगरउतारावरचे जाळे झाली. केवळ आतला मजकूर बदलल्याने यंत्राचे काम बदलते, याचे इतके चांगले उदाहरण संगणकाच्या पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

पण तुमच्या-आमच्या घरी डोंगर नाही. मग घरच्या किंवा शाळेच्या राउटरला याचा फायदा काय? दोन फायदे आम्हाला खरे वाटतात. बाकीच्या बऱ्याच गोष्टी जाहिरातीच्या आहेत.

पहिला फायदा डागडुजीचा. कंपनी राउटर विकते, वर्ष-दोन वर्षे सुधारणा पुरवते आणि मग नव्या मॉडेलच्या मागे लागते. नव्या कोऱ्या डबीतही कित्येक वर्षांपूर्वीचा कर्नल आढळतो आणि त्यावर कंपनीने ठिगळे लावलेली असतात. आमच्या भागातले जुने माळवद ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी वर पांढरीच्या मातीचा आणखी एक थर चढवत. जुना थर काढायचा नाही, नवा वर घालायचा. छताचे वजन वर्षानुवर्षे वाढत जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे त्या वजनाने काय केले हे सास्तूरच्या माणसाला सांगायला नको. राउटर बिघडल्याने कुणी दगावत नाही, तेव्हा ही तुलना इथेच सोडतो. पण जुन्यावर जुने चढवत जाणे आणि मुळापासून नवे बांधणे यांतला फरक तोच आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीत कर्नल नवा घेतला जातो, आणि तीच आवृत्ती शेकडो मॉडेलांना लागू पडते.

डागडुजी न झालेल्या डब्यांचे काय होते हेही दिसले आहे. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातले मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी त्या वर्षीच्या 21 ऑक्टोबरला अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. मे 2018 मध्ये व्हीपीएनफिल्टर उघडकीस आला, तेव्हा 54 देशांतली किमान 5 लाख उपकरणे बाधित असल्याचा अंदाज होता. त्या डब्यांचे मालक निवांत होते. त्यांचे वायफाय नेहमीसारखे चालूच होते.

दुसरा फायदा रांगेचा, आणि शिक्षकांना तो वर्गात दाखवता येईल असा आहे. शाळेत कुणी मोठा व्हिडिओ वर पाठवायला लावला की बाकीच्यांचे सगळे अडकते, हा अनुभव नवा नाही. आपण म्हणतो, "स्पीड नाही." दोष पुष्कळदा वेगाचा नसतो. राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या माहितीची रांग ठेवायला जागा असते आणि स्मृती स्वस्त झाल्यावर ती जागा नको तितकी वाढली. समजा बाहेर जाणारा वेग सेकंदाला 2 मेगाबिट आहे आणि रांगेची जागा 512 किलोबाइट. 512 ला 8 ने गुणले की 4096 किलोबिट होतात. ती रांग पूर्ण भरली की शेवटी उभ्या राहिलेल्या पाकिटाला बाहेर पडायला दोन सेकंद लागतात. दूरस्थ वर्गातल्या संभाषणात दोन सेकंद म्हणजे संभाषणच नव्हे.

याला उपाय म्हणजे रांगेची शिस्त. शिक्षकाच्या टेबलावर एकाने चाळीस वह्या आणून ठेवल्या आहेत आणि दुसऱ्याला फक्त "सर, हे उत्तर बरोबर आहे का?" एवढेच विचारायचे आहे. शहाणा शिक्षक दुसऱ्याला चाळीस वह्या होईपर्यंत उभे करत नाही. 2012 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आलेली एफक्यू-कोडेल ही पद्धत हेच करते. ती प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग धरते, आळीपाळीने एकेक पाकीट सोडते, आणि एखादे पाकीट फार वेळ ताटकळत राहू लागले की काही पाकिटे टाकून देऊन पाठवणाऱ्याला सावकाश जाण्याची खूण देते. ही पद्धत तयार होत असताना तिची पारख करण्यासाठी डेव्ह टाट आणि जिम गेटिस यांच्या गटाने ओपनडब्ल्यूआरटीचीच एक प्रायोगिक आवृत्ती वापरली. कंपन्यांच्या राउटरांत ती नंतर, आणि अजूनही सरसकट नाही, आली. हौशी मंडळींनी उद्योगाला मागे टाकल्याचे हे उदाहरण आम्ही या प्रकल्पाच्या जमेच्या बाजूला सर्वांत वर ठेवू.

पडताळा घ्यायचा असेल तर एका संगणकावरून पिंगची आज्ञा सतत चालू ठेवा आणि येणारे मिलिसेकंदांचे आकडे मुलांना वहीत उतरवू द्या. मग दुसऱ्या यंत्रावरून मोठी फाइल वर पाठवायला लावा आणि आकडे पुन्हा उतरवा. आलेख काढायला वेगळे काही लागत नाही.

आता दुसरी बाजू.

पहिली तक्रार यंत्राच्या ऐपतीची आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे ज्या स्वस्त डब्या घरोघरी गेल्या, त्यांत 4 मेगाबाइट फ्लॅश आणि 32 मेगाबाइट रॅम हे प्रमाण सर्रास होते. ओपनडब्ल्यूआरटीने अशा डब्यांसाठी 19.07 या आवृत्तीनंतर हात वर केले. आता किमान 8 मेगाबाइट फ्लॅश आणि 64 मेगाबाइट रॅम हवी, आणि खरे तर त्याहून बरीच जास्त असावी, असे तेच सांगतात. म्हणजे ज्याच्या डबीला कंपनीने वाऱ्यावर सोडले आहे, ज्याला नवी घेणे परवडत नाही, नेमका त्यालाच हा उपाय लागू पडत नाही. कर्नल मोठा होत गेला त्याला स्वयंसेवक काय करणार, हे मान्य. पण "जुन्या राउटरला नवे आयुष्य" ही घोषणा मग जपून द्यावी.

शिवाय आता फायबर घेतले की सेवा देणारी कंपनीच आपली पांढरी डबी भिंतीवर बसवून जाते. प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणे आणि वायफाय पुरवणे ही दोन्ही कामे तीच करते. ती डबी बहुधा ग्राहकाच्या मालकीची नसते, आणि तिच्यात दुसरे फर्मवेअर घालण्याचा मार्गही बहुधा नसतो. तिच्यामागे आपला वेगळा राउटर जोडता येतो. पण तो विकत घ्यावा लागतो.

दुसरी तक्रार बिनतारी चिपची. प्रक्रियक चालवणारा लिनक्स खुला असला तरी रेडिओ चालवणारा प्रोग्राम पुष्कळदा बंद असतो. ब्रॉडकॉमच्या चिपा असलेल्या राउटरांवर ओपनडब्ल्यूआरटी म्हणूनच लंगडते, वायफायचा वेग मूळच्या फर्मवेअरपेक्षा कमी मिळतो. डीडी-डब्ल्यूआरटीने ब्रॉडकॉमचे बंद प्रोग्राम वापरण्याची परवानगी मिळवली, त्यामुळे त्या डब्यांवर ते चांगले चालते. मात्र त्याच कारणाने ते पूर्ण खुले राहत नाही. शिवाय 2008 नंतरच्या त्याच्या आवृत्त्या बहुतांशी 'बीटा' अशाच शिक्क्याच्या आहेत. कोणती घ्यावी हे नवख्याला कळत नाही, आणि जुन्या सल्ल्यांच्या गर्दीत ते शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे आहे. दोहोंत निवडायचे झाले तर आम्ही ओपनडब्ल्यूआरटी निवडू आणि डबी घेतानाच मीडियाटेक किंवा क्वालकॉमची चिप पाहून घेऊ.

रेडिओवरून कायद्याची गोष्ट निघते. मूळ फर्मवेअरमध्ये किती ताकदीने आणि कोणत्या वाहिनीवर बोलायचे ते कुलूपबंद असते. इथे देशाचा संकेत आपण घालतो. दुसऱ्या देशाचा संकेत घालून ताकद वाढवण्याचे सल्ले सापडतात, ते पाळू नयेत. 5 गिगाहर्ट्झच्या काही वाहिन्यांवर हवामानाचे रडार काम करते. अमेरिकेत याच काळजीने नियम कडक झाले, तेव्हा काही कंपन्यांनी सरसकट सगळेच कुलूपबंद करायला घेतले. ऑगस्ट 2016 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने टीपी-लिंकला ताकदीची मर्यादा ओलांडू दिल्याबद्दल 2 लाख डॉलर भरायला लावले. पण त्याच तडजोडीत इतरांचे फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने पावले टाकण्याचेही कंपनीकडून कबूल करून घेतले. आम्हाला ही वाट शहाणपणाची वाटते. रेडिओला कुलूप असावे, घराला नसावे.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेच्या दाव्याची. खुले आहे म्हणून सुरक्षित आहे, हे वाक्य आम्ही इतक्यांदा वाचले आहे की त्याचा कंटाळा आला. 2020 मध्ये गिडो व्ह्रांकेन या संशोधकाने दाखवले की ओपनडब्ल्यूआरटीमध्ये नवा भाग उतरवून घेताना त्याचा ठसा तपासण्याची पायरी चुकीने गळत होती. कारण काय, तर ठशाच्या आधी आलेली एक मोकळी जागा! ही चूक फेब्रुवारी 2017 पासून, म्हणजे सुमारे तीन वर्षे, खुल्या कोडमध्ये सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होती. डिसेंबर 2024 मध्ये दुसरी सापडली. मागणीनुसार फर्मवेअर तयार करून देणाऱ्या त्यांच्या सेवेत 64 अक्षरी ठशाची फक्त पहिली 12 अक्षरे जुळवली जात होती. प्रत्येक अक्षराला 16 पर्याय धरले तर 12 अक्षरांचे सुमारे 281 लाख कोटी प्रकार होतात. आपल्याला ही संख्या अफाट वाटते, पण आजच्या ग्राफिक्स कार्डाच्या ती आवाक्यातली आहे. पूर्ण 64 अक्षरांच्या प्रकारांची संख्या 78 अंकी येते. घातांकाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे. या दोन्ही चुका लपवल्या गेल्या नाहीत. दुसरी कळल्यावर ती सेवा काही तासांत दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाली. खुलेपणाचा खरा फायदा हा आहे, चुका होतच नाहीत हा नव्हे.

आणि विटेची गोष्ट सांगायलाच हवी. फर्मवेअर अर्धवट लिहिले गेले तर डबी मरते. तिला मंडळी 'वीट' म्हणतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एका जुन्या राउटरवर हा प्रयोग केला. फाइलचा ठसा ताडून पाहिला, मॉडेलच्या मागची बारीक अक्षरांतली आवृत्ती जुळवली, तार लावली, आणि नेमके वळवाचे ढग आले. लिहिण्याचे काम निम्मे झाले असताना वीज गेली. दिवे परत आले तेव्हा डबीचा एकच दिवा मिणमिणत राहिला. सुदैवाने आरंभक प्रोग्राम शाबूत होता. कळ दाबून धरून डबी चालू करायची आणि तारेने जोडलेल्या संगणकावरून तिला पुन्हा फाइल भरवायची, ही युक्ती चौथ्या खेपेला लागू पडली. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. आधी इन्व्हर्टर लावायला हवा होता, हे घरातल्यांनी आम्हाला वेगळे सांगितले. 2024 च्या अखेरीस या प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीच्या साहाय्याने ओपनडब्ल्यूआरटी वन नावाचा स्वतःचा राउटर आणला. त्यात जीवदानासाठी वेगळी फ्लॅश ठेवलेली आहे. ही कल्पना प्रत्येक कंपनीने उचलावी.

एकदा बसले की मात्र ओपनडब्ल्यूआरटीची रचना सुंदर आहे. मूळ मजकूर दाबून बसवलेला, न बदलणारा असतो. आपण केलेले बदल त्यावर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारख्या वेगळ्या थरात राहतात. गोंधळ झाला तर वरचा कागद काढून टाकायचा, खालचे पान कोरेच्या कोरे. नव्याने बसवल्यावर वायफाय बंद असते आणि पासवर्ड आपणच ठरवायचा असतो, हेही आम्हाला आवडले. नवखा गोंधळतो खरा.

त्याच्या पडद्यावर भाषा निवडता येते आणि त्या यादीत मराठी आहे, हे पाहून आम्हाला आनंद झाला. पण भाषांतर अपुरे आहे. मराठी निवडले तरी बऱ्याच ओळी इंग्रजीतच राहतात. यात शब्दांची अडचण खरी आहे. उदाहरणार्थ, राउटर प्रत्येक मोबाइलला एक पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ती मुदत मुळात 12 तासांची असते, आणि निम्मी उलटली की यंत्र मुदतवाढ मागते. याला इंग्रजीत 'लीज' म्हणतात. आमच्या मुलांना शेत खंडाने देणे म्हणजे काय हे नीट ठाऊक असते: जमीन मालकाची, वापर आपला, मुदत संपली की परत. या शब्दातून समजावले तर पाच मिनिटांत समजते.

शाळेच्या चालू राउटरला आम्ही हात लावलेला नाही. तो बंद पडला तर ऑनलाइन भरायची सगळी माहिती अडते आणि दुरुस्ती करू शकणारा माणूस गावात एकच असेल तर ती जोखीम घेण्यात अर्थ नाही. वाचलेली डबी मात्र प्रयोगशाळेत, जुन्या धारामापीशेजारी ठेवली आहे. ती इंटरनेटला जोडलेली नाही. मुले तिचे पत्ते वाटप पाहतात, रांगेची शिस्त चालू-बंद करून आकडे लिहितात, बिघडवतात आणि कागद काढून टाकतात. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने मराठी नसलेल्या ओळींची एक यादी केली आहे. 'लीज'ला खंड म्हणावे की भाडेपट्टा, यावर तिचे आणि आमचे अजून एकमत झालेले नाही.